सिंगापुरात ब्रिटिश, आमॉयमध्ये चिनी

१८६८ साली पेकिंगमधले (आजचं बीजिंग) ब्रिटिश राजदूत सर रदरफर्ड अल्कॉक यांनी एक हुकूम काढला. चिनी वंशाच्या ब्रिटिश प्रजाजनांनी चीनमध्ये असताना चिनी पोशाख घालायचा नाही. इथल्या लोकांपासून चटकन वेगळं ओळखू येईल असं दुसरं काहीतरी अंगावर घालायचं. हे जो पाळणार नाही त्याला ब्रिटिश संरक्षण मिळणार नाही.

अंगरख्यावरून माणसाचं राष्ट्रीयत्व ओळखायची वेळ आली, म्हणजे बाकीच्या सगळ्या खुणा कुचकामी ठरल्या होत्या. हे लोक दिसायला चिनी, नावाने चिनी, बरेचसे बोलायलाही चिनी. खिशात मात्र ब्रिटिश प्रजाजन असल्याचा कागद, कारण जन्म सिंगापूर, पेनांग किंवा मलाक्काचा. चिनी अधिकारी म्हणत, हा आमचा माणूस. ब्रिटिश कॉन्सल, म्हणजे बंदरात बसलेले ब्रिटनचे सरकारी प्रतिनिधी, म्हणत, आमचा. आणि प्रकरण अंगाशी येतंय असं दिसलं की तेच कॉन्सल त्याच माणसाला झटकून टाकत. हा वाद शंभर वर्षांहून जास्त चालला. त्याचं शेपूट अजूनही वळवळतं आहे, पण ते शेवटी पाहू.

मुंबईत जन्मलेल्या माणसाला ‘तुमचं गाव कोणतं?’ असं विचारलं, तर तो परळ किंवा दादर म्हणत नाही. मालवण म्हणतो, चिपळूण म्हणतो, साताऱ्याकडचं एखादं नाव सांगतो. तिथे तो वर्षातून एकदा गणपतीला जात असेल, कदाचित तेवढाही जात नसेल. जन्म कुठला आणि गाव कुठलं, हे आपल्याकडे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्हींची उत्तरं खरी असतात. आता अशी कल्पना करा की परळचं सरकार वेगळं आहे आणि मालवणचं वेगळं. परळचं सरकार विचारतं, जन्म कुठला? मालवणचं सरकार विचारतं, गाव कुठलं? दोघांनाही हवं ते उत्तर मिळतं आणि दोघेही त्या माणसावर हक्क सांगतात. पेनांगच्या चिनी माणसाचं नेमकं हेच झालं.

इंग्रजांचा कायदा पाळणा कुठे हलला एवढंच पाहायचा. १६०८ सालच्या एका स्कॉटिश बालकाच्या खटल्यात हे तत्त्व पक्कं झालं. राजाच्या भूमीवर जो जन्मला तो राजाचा प्रजाजन. राजाने त्याचं रक्षण करायचं, त्याने राजाशी निष्ठा ठेवायची. आईबाप कोण, धर्म कोणता, रंग कोणता, याला महत्त्व नाही. शिवाय हे नातं तोडताही येत नसे. १८७० पर्यंत इंग्रज राजाच्या जन्मजात प्रजाजनाला आपणहून ते नातं सोडायची सोयच नव्हती.

चीनची समजूत याच्या उलटी होती. बाप चिनी तर मुलगा चिनी, मग तो कुठल्याही किनाऱ्यावर जन्मू दे. पितरांची पूजा, कुळाची वंशावळ, घराण्याचं मंदिर, सगळं त्या रक्ताच्या धाग्यात ओवलेलं. चीनवर तेव्हा राज्य करणाऱ्या छिंग राजवटीने यावर लेखी नागरिकत्व कायदा केला तो थेट १९०९ मध्ये. तोपर्यंत ही गोष्ट इतकी उघड मानली जाई की लिहून ठेवायची गरज कुणाला वाटली नाही.

गंमत म्हणा किंवा शोकांतिका, पण हीच राजवट परदेशी गेलेल्या आपल्या लोकांना बराच काळ गुन्हेगार समजत होती. समुद्र ओलांडून जाण्यावरची बंदी कागदोपत्री उठली ती १८९३ साली. तोवर लाखो लोक फूच्येन आणि क्वांगतुंग प्रांतांतून बाहेर पडून गेले होते. देश सोडला म्हणून दोषी आणि तरीही आमचाच, अशी ती दुहेरी भूमिका होती.

हे लोक गेले कुठे, तर मुख्यतः मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे. पेनांग १७८६ मध्ये, सिंगापूर १८१९ मध्ये आणि मलाक्का १८२४ मध्ये इंग्रजांच्या हाती आलं. १८२६ मध्ये तिन्ही एकत्र करून ‘स्ट्रेट्स सेटलमेंट्स’ नावाचा प्रदेश झाला आणि १८६७ पर्यंत त्याचा कारभार कलकत्त्याहून चालला. म्हणजे पेनांगचा चिनी आणि पुण्याचा मराठी माणूस काही काळ एकाच कंपनी सरकारचे प्रजाजन होते. सिंगापुरातले रस्ते आणि इमारती हिंदुस्थानातून पाठवलेल्या कैद्यांनी बांधल्या, आणि तिकडचे चिनी आणि मलाय कैदी आपल्या महाबळेश्वरच्या तुरुंगात आले. तिथे त्यांनी भाजीपाल्याच्या बागा फुलवल्या. महाबळेश्वरच्या ‘चायनामन्स फॉल’ या धबधब्याच्या नावात ती आठवण अजून टिकून आहे.

सामुद्रधुनीकडच्या चिन्यांतही दोन थर होते. नुकत्याच जहाजातून उतरलेल्याला ‘सिंकेह’ म्हणत, म्हणजे नवा पाहुणा. पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेल्यांना ‘बाबा’ म्हणत, त्यांच्या बायकांना ‘न्योन्या’. बाबा लोकांच्या घरात हॉक्किएन या चिनी बोलीचे शब्द मिसळलेली मलाय भाषा बोलली जाई, जेवणात नारळ आणि मिरची असे, मुलं इंग्रजी शाळेत जात. आणि देव्हाऱ्यात मात्र चिनी पूर्वजांच्या नावाच्या पाट्या. कायद्याच्या नजरेत बाबा जन्मजात ब्रिटिश प्रजाजन होता, तर सिंकेह परका.

आता यातल्या एका बाबा व्यापाऱ्याला जहाजात बसवून आमॉयला, म्हणजे आजच्या श्यामेनला नेऊ. तिथे पाऊल ठेवताक्षणी त्याच्या खिशातल्या कागदाला सोन्याचं मोल येई. अफूच्या पहिल्या युद्धानंतर १८४२–४३ मध्ये झालेल्या तहांमुळे चीनमधल्या ब्रिटिश प्रजाजनाला चिनी कायदा लागू होत नसे. त्याचा गुन्हा ब्रिटिश कॉन्सलसमोर चाले. चिनी न्यायाधीशाला त्याला हात लावता येत नसे. मालावरच्या रस्तोरस्तीच्या जकातीतूनही त्याला मोठी सूट मिळे. शेजारच्या दुकानात बसलेला चुलतभाऊ नाक्यानाक्यावर जकात भरून मेटाकुटीला यायचा आणि पेनांगमध्ये जन्मलेला हा भाऊ तोच माल कॉन्सलचा परवाना दाखवून पुढे न्यायचा.

साहजिकच कॉन्सलच्या नोंदवहीत नावं वाढू लागली. वडिलोपार्जित गावी शेत घेताना हा माणूस चिनी असे, कारण परदेशी माणसाला आतल्या भागात जमीन घेता येत नसे. त्याच शेतावरून भांडण झालं की तो ब्रिटिश होई. चिनी अधिकाऱ्यांचा संताप मला समजतो. आपल्याच जिल्ह्यातला, आपलीच भाषा बोलणारा माणूस समोर उभा राहून सांगतो, तुमचा अंमल माझ्यावर चालत नाही. पण त्या व्यापाऱ्यालाही मी दोष देणार नाही. दोन बलाढ्य सरकारांनी त्याच्यासाठी दोन दारं ठेवली होती. ज्या दारातून निभाव लागेल त्या दारातून तो गेला.

राष्ट्रीयत्वाचा कागद किती स्फोटक असू शकतो हे १८५६ मध्ये जगाने पाहिलं. ‘ॲरो’ नावाचं एक छोटं जहाज कॅंटनच्या, म्हणजे आजच्या ग्वांगझूच्या, नदीत उभं होतं. मालक हाँगकाँगमधला चिनी, खलाशी चिनी, कप्तान मात्र बेलफास्टचा एक तरुण. हाँगकाँग सरकारने वर्षभरापूर्वीच एक नियम केला होता. वसाहतीत राहणाऱ्या चिनी माणसाला त्या नियमाने आपलं जहाज नोंदवून ब्रिटिश निशाण लावता येई. ८ ऑक्टोबरला चिनी शिपाई चाचेगिरीच्या संशयावरून जहाजावर चढले आणि खलाशांना धरून घेऊन गेले. कॉन्सल हॅरी पार्क्स भडकला. ब्रिटिश जहाज, ब्रिटिश निशाण उतरवलं, अपमान झाला!

जहाजाची नोंदणी तर २७ सप्टेंबरलाच संपली होती. म्हणजे त्या दिवशी ‘ॲरो’ला ब्रिटिश निशाणाचा हक्कच उरला नव्हता. हाँगकाँगचा गव्हर्नर जॉन बाउरिंग याला हे ठाऊक होतं आणि त्याने पार्क्सला तसं पत्रातून कळवलंही होतं. चिनी अधिकाऱ्यांना ही गोष्ट माहीत नाही, हेही त्याच पत्रात होतं. तरी तोफा सुरू झाल्या. लंडनच्या संसदेत या प्रकरणावरून पंतप्रधान पामर्स्टनचं सरकार हरलं, निवडणूक झाली, पामर्स्टन पुन्हा निवडून आला आणि अफूचं दुसरं युद्ध पुढे चालू राहिलं. कॅंटनचा सुभेदार ये मिंग-छेन पकडला गेला, त्याला कलकत्त्याला नेलं आणि १८५९ मध्ये तो तिथेच कैदेत वारला.

ब्रिटिशांना व्यापार वाढवायचा होता किंवा युद्धासाठी निमित्त हवं होतं, तेव्हा मुदत संपलेला कागदही त्यांनी ब्रिटिश मानला. बारा वर्षांनी, जबाबदारी नको झाल्यावर, जन्मजात प्रजाजनाकडेही त्यांनी वेगळे कपडे मागितले. या सगळ्या इतिहासातली ही गोष्ट मला सर्वांत जास्त टोचते.

अल्कॉकच्या हुकमात आणखी एक क्रूर पेच होता. कपडे बदलता येतात, पण डोक्यावरच्या वेणीचं काय? छिंग राज्यात पुढचं डोकं भादरून मागे लांब वेणी ठेवणं ही राजनिष्ठेची खूण होती आणि वेणी कापणं बंडखोरी. वेणी ठेवली तर ब्रिटिश कॉन्सल म्हणणार, हा तर चिनी दिसतो. कापली तर पूर्वजांच्या गावात पाऊल ठेवायची चोरी.

तिकडे सिंगापुरात हा जन्मजात प्रजाजन कितपत ब्रिटिश होता? इथे ‘प्रजाजन’ आणि ‘नागरिक’ यांत गल्लत करू नये. प्रजाजन म्हणजे राजाचा माणूस. त्याला मताचा अधिकार असेलच असं नाही, सरकारी वरिष्ठ नोकरी मिळेलच असंही नाही. २०व्या शतकाच्या सुरुवातीला या वसाहतींच्या वरिष्ठ मुलकी सेवेत युरोपीय रक्ताचीच अट घातली गेली. जन्माने सर्व प्रजाजन सारखे म्हणणाऱ्या कायद्याच्या राज्यात नोकरीच्या दाराशी मात्र पुन्हा रक्तच तपासलं जाऊ लागलं.

त्या प्रजाजनाला एक गोष्ट मात्र नक्की मिळे. त्याला हद्दपार करता येत नसे. १८८८ च्या हद्दपारीच्या कायद्याने गव्हर्नरला उपद्रवी वाटणाऱ्या माणसाला खटल्याशिवाय वसाहतीबाहेर काढायचा अधिकार दिला, पण जन्मजात ब्रिटिश प्रजाजनाला तो लागू नव्हता. गुप्त टोळ्यांच्या संशयावरून पकडलेल्या दोन चिनी माणसांपैकी एकाचा जन्म सिंगापुरात सिद्ध झाला की तो तुरुंगात जाई पण देशात राही. दुसरा जहाजात बसे. जन्माचा पुरावा ही आयुष्य ठरवणारी वस्तू झाली, आणि अशा काळात, जेव्हा गरिबाघरच्या जन्माची नोंद करायचं कुणाच्या मनातही येत नसे.

छिंग सरकारला परदेशातल्या आपल्या लोकांची खरी किंमत हळूहळू कळत गेली. तिथे पैसा होता, आणि चीनची तिजोरी रिकामी होती. १८७७ मध्ये चीनने सिंगापुरात आपला पहिला कॉन्सल नेमला. इंग्रज धास्तावले, कारण अर्धं शहर चिनी. परक्या सम्राटाचा प्रतिनिधी तिथे बसला तर राज्यात राज्य उभं राहील. तोडगा असा निघाला की नेमणूक हू आ के यांची झाली. वांपोआ या आपल्या मूळ गावाच्या नावाने ओळखले जाणारे हे श्रीमंत व्यापारी वसाहतीच्या विधिमंडळाचे सदस्य होते. म्हणजे ब्रिटिश कायदेमंडळात बसणारा माणूस चिनी सम्राटाचा कॉन्सल. वर ते रशिया आणि जपानचेही कॉन्सल होते. १८८० मध्ये ते वारले. पुढचे कॉन्सल चीनमधून आलेले होते. त्यांनी शाळांना, साहित्यमंडळांना प्रोत्साहन दिलं आणि परदेशातले चिनी हे चीनचेच, ही जाणीव रुजवली. ‘हुआचिआओ’ हा शब्द पुढे रूढ झाला तो याच वातावरणात. त्याचा अर्थ परमुलखात तात्पुरता राहणारा चिनी. तात्पुरता हा भाग महत्त्वाचा. चार पिढ्या पेनांगमध्ये गेल्या तरी तात्पुरता.

मग आला १९०९ चा कायदा. चिनी बापाचा मुलगा जगात कुठेही जन्मला तरी चिनी. यामागची घाई मुख्यतः डचांमुळे होती. जावा–सुमात्रातल्या चिन्यांना डच प्रजाजन ठरवायचा कायदा हॉलंड करत होतं आणि तो १९१० मध्ये झालाच. पण चीनच्या या कायद्याने सिंगापूर–पेनांगचे हजारो जन्मजात ब्रिटिश प्रजाजनही एका फटक्यात कायदेशीर चिनी झाले. १९२९ मध्ये नव्या चिनी प्रजासत्ताकाने तेच तत्त्व कायम ठेवलं. दुहेरी राष्ट्रीयत्व आता आमॉयच्या जकात नाक्यापुरतं राहिलं नाही. दोन्ही देशांच्या कायद्याच्या पुस्तकांत ते छापलं गेलं होतं.

असा माणूस संकटात सापडला तर धावून कोण येणार? १९३० च्या हेगच्या कराराने याचं उत्तर दिलं. एखाद्याची दोन राष्ट्रीयत्वं असतील, तर एक देश दुसऱ्या देशाविरुद्ध त्याची बाजू घेऊ शकत नाही. साध्या मराठीत, पेनांगचा माणूस चीनमध्ये अडकला तर ब्रिटनने हात वर करायचे.

हे सगळं एका माणसाच्या आयुष्यात पाहायचं असेल तर लिम बून केंग यांच्याकडे पाहावं. जन्म सिंगापूर, १८६९. राणीची शिष्यवृत्ती घेऊन एडिंबरोला जाऊन डॉक्टर झाले. परत येऊन विधिमंडळात बसले. १९०० मध्ये सामुद्रधुनीच्या चिन्यांची ब्रिटिश संघटना स्थापन झाली तेव्हा ते आघाडीवर होते. आम्ही राजाचे चिनी, असं ही मंडळी अभिमानाने म्हणत आणि त्यांच्या मुलांनी स्वयंसेवक पलटणीत नावं घातली. याच लिम बून केंगनी वेण्या कापायची मोहीम चालवली, कन्फ्यूशियसचं शिक्षण परत आणायचा ध्यास घेतला, आणि १९२१ पासून १९३७ पर्यंत आमॉय विद्यापीठाचं नेतृत्व केलं. त्यांना यात विसंगती वाटली नाही. १९४२ मध्ये जपानी सिंगापुरात शिरले तेव्हा त्यांच्यासाठी हा सत्तरी ओलांडलेला ब्रिटिश प्रजाजन फक्त चिनी होता. हजारो चिन्यांना समुद्रकाठी नेऊन ठार मारलं जात असताना उरलेल्या समाजाकडून ५ कोटी डॉलरची खंडणी गोळा करायचं काम जपान्यांनी त्यांच्या गळ्यात मारलं.

आतापर्यंत आपण फक्त तीन बंदरांबद्दल बोललो. त्यांच्या मागे पेराक, सेलांगोर, जोहोर अशी सुलतानांची संस्थानं होती. कथिलाच्या खाणी आणि रबराचे मळे तिथेच होते, आणि बहुसंख्य चिनी मजूरही तिथेच. तिथे जन्मलेल्या चिनी मुलाचं काय? हा भाग समजायला मराठी वाचकाला घरचंच उदाहरण आहे. ब्रिटिश काळात पुण्यात जन्मलेला माणूस ब्रिटिश प्रजाजन होता. कोल्हापुरात किंवा बडोद्यात जन्मलेला मात्र प्रजाजन नव्हता, कारण ती भूमी महाराजांची. परदेशी जाताना तो ‘ब्रिटिश संरक्षित व्यक्ती’ ठरे. पेराकची जमीनही कायद्याने सुलतानाची, कारभार कितीही ब्रिटिश रेसिडेंटच्या हातात असला तरी. फरक एवढाच की कोल्हापूरच्या माणसाला महाराज आपली प्रजा मानत. सुलतानाची प्रजा म्हणजे मलाय मुसलमान, अशी संस्थानांतली समजूत होती. म्हणून पेराकमध्ये जन्मलेल्या चिनी माणसाला प्रवासासाठी संरक्षित व्यक्तीचा कागद मिळू शकत असला, तरी आपण नेमके कुणाचे हे त्याला छातीठोकपणे सांगता येत नसे. सिंगापूरहून जोहोरला जाणारा पूल पार केला की सख्ख्या भावांचं राष्ट्रीयत्व बदले.

१९३३ च्या परकीयांच्या कायद्याने चिनी पुरुषांच्या येण्यावर संख्येची मर्यादा घातली. हिंदी मजुराला तो लागू नव्हता, कारण तो ब्रिटिश साम्राज्याचाच. स्त्रियांना १९३८ पर्यंत मोकळीक होती, त्यामुळे त्या वर्षांत मोठ्या संख्येने चिनी स्त्रिया आल्या, संसार झाले, मुलं झाली. १९३१ मध्ये मलायातल्या, म्हणजे ही बंदरं आणि संस्थानं मिळून झालेल्या मुलखातल्या, चिन्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश तिथे जन्मलेले होते. १९४७ पर्यंत हे प्रमाण ६० टक्क्यांच्या वर गेलं. ‘तात्पुरता’ हा शब्द खोटा पडला होता, फक्त कागदांनी ते मान्य करायचं बाकी होतं.

ते त्यांनी केलं नाही. १९४६ मध्ये ब्रिटनने ‘मलायन युनियन’ आणून जन्माधारे उदार नागरिकत्व देऊ केलं. मलाय समाजातून प्रचंड विरोध झाला. त्यांची भीतीही खोटी नव्हती, स्वतःच्या भूमीत ते अल्पसंख्य होण्याच्या बेतात होते. १९४८ मध्ये युनियन गुंडाळून संघराज्य आलं आणि अटी कडक झाल्या. संस्थानात जन्मलेल्या चिनी माणसाला आपोआप नागरिक व्हायचं असेल तर त्याचे आई आणि वडील दोघेही तिथेच जन्मलेले असायला हवेत आणि तिथेच १५ वर्षं राहिलेले.

त्याच वर्षी जूनमध्ये कम्युनिस्ट बंड पेटलं आणि आणीबाणी आली. बंडखोरांत चिनी जास्त, म्हणून संशय सगळ्या चिन्यांवर. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या सुमारे ५ लाख लोकांना काटेरी तारांच्या ‘नव्या खेड्यांत’ हलवलं. ते बहुतेक चिनी होते. ज्यांच्याकडे नागरिकत्वाचा किंवा ब्रिटिश प्रजाजनाचा कागद नव्हता अशा हजारो लोकांना जहाजात घालून चीनला धाडलं, कित्येकांबरोबर बायकामुलंही. ज्या मुलाने चीन कधी पाहिला नव्हता त्याला ‘मायदेशी’ पाठवलं, असं नोंदवलं गेलं. कम्युनिस्टांशी लढायचं म्हणून माणसं कम्युनिस्ट होत चाललेल्या चीनमध्ये पाठवायची, यातला अविचार त्या अधिकाऱ्यांना दिसला नसेल असं मला वाटत नाही.

चीनने आपला हट्ट सोडला तो १९५५ मध्ये. आशियाई–आफ्रिकी देशांच्या बांडुंग परिषदेच्या वेळी चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी इंडोनेशियाशी करार केला की तिथल्या चिन्यांनी एक राष्ट्रीयत्व निवडावं. १९५७ मध्ये मलाया स्वतंत्र झाला आणि त्यानंतर तिथे जन्मलेल्या मुलांना नागरिकत्व मिळालं. सिंगापूरने त्याच वर्षी ८ वर्षं वास्तव्य असलेल्या चीनमध्ये जन्मलेल्या लोकांनाही दार उघडलं. एवढ्यावर ही गोष्ट संपायला हरकत नव्हती.

पण वंशाकडे बोट दाखवून जन्म पुसून टाकायची सवय नव्या देशांनीही उचलली, आणि आपण त्यातून सुटलो नाही. कलकत्ता, दार्जिलिंग, आसाम आणि मुंबईत चिनी वस्त्या होत्या. माझगावात नवाब टँक रोडवर १९१९ चं त्यांचं छोटं मंदिर आजही आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेले हे लोक जन्मजात प्रजाजन होते आणि स्वातंत्र्यानंतर बरेच जण भारतीय नागरिक झाले. १९६२ च्या युद्धात खास कायदा करून चिनी वंशाच्या नागरिकांनाही परकीयांच्या नियमांखाली आणलं गेलं. सुमारे ३,००० माणसं, म्हातारी आणि तान्ही मुलं धरून, राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत गेली. तिथेही प्रश्न गाव कुठलं हाच होता.

हाँगकाँगची कथा वेगळी, कारण तिथून ब्रिटिश गेले तेव्हा स्वतंत्र देश जन्माला आला नाही. तिथे जन्मलेला चिनी १८४२ पासून ब्रिटिश प्रजाजन. १९८१ च्या ब्रिटिश कायद्याने त्याला ‘परावलंबी प्रदेशाचा ब्रिटिश नागरिक’ अशा वेगळ्या खोलीत ठेवलं, जिथून ब्रिटनमध्ये राहायला यायचं दार नव्हतं. हाँगकाँग चीनला परत करायच्या १९८४ च्या करारानंतर १९८७ पासून आणखी एक दर्जा आला, ‘ब्रिटिश नॅशनल (ओव्हरसीज)’. पासपोर्ट होता, पण त्यावर ब्रिटनमध्ये राहता येत नव्हतं आणि तो मुलांना वारशाने देता येत नव्हता. चीनने तेव्हाच सांगून ठेवलं होतं की हाँगकाँगचे चिनी आमचे नागरिक आहेत. हा कागद प्रवासाला वापरा, पण चीनच्या भूमीवर त्या कागदाच्या जोरावर ब्रिटनची मदत मिळणार नाही. अल्कॉकच्या हुकमातलं ‘संरक्षण नाही’ नव्या कागदावर परत आलं. २०२१ मध्ये ब्रिटनने या कागदावर तिथे येऊन राहण्याचा व्हिसा सुरू केला, तेव्हा चीनने तो प्रवासाचा कागद म्हणूनही मानायचं बंद केलं.

हाँगकाँगमधल्या हिंदी कुटुंबांची कोंडी तर याहून वाईट होती. ते चिनी नव्हते, म्हणून चीन त्यांना घेणार नव्हता. ब्रिटनने त्यांना पूर्ण नागरिकत्व द्यायचं मान्य केलं ते १९९७ मध्ये, हस्तांतराला काही महिने उरलेले असताना. शेजारच्या मकावमध्ये पोर्तुगालने वेगळं केलं. १९८१ पर्यंत तिथे जन्मलेल्या चिन्यांना पूर्ण पोर्तुगीज नागरिक मानलं. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांची मुलं–नातवंडं आज ज्या आधारावर लिस्बनकडे अर्ज करतात, त्यामागची विचारसरणी हीच. यामुळे पोर्तुगालची वसाहतशाही चांगली ठरत नाही. पण जन्माला दिलेला शब्द पाळता येतो, हे त्यातून दिसतं.

आता ते शेपूट. १९५७ मध्ये मलाया स्वतंत्र झाला तेव्हा पेनांग आणि मलाक्कात जन्मलेल्यांचा जुना ब्रिटिश दर्जा काढून घेतला गेला नाही. तो तसाच राहिला आणि बापाकडून मुलांकडे गेला. १९८३ मध्ये त्याचं रूपांतर ‘ब्रिटिश ओव्हरसीज सिटिझन’ या दर्जात झालं. नाव भारदस्त, पण राहण्याचा हक्क कुठेच नाही. २००२ मध्ये ब्रिटनने कायदा केला की असा दर्जा असलेल्या आणि दुसरं कुठलंच नागरिकत्व नसलेल्या माणसाला पूर्ण ब्रिटिश नागरिक म्हणून नोंदता येईल. अट अशी की ४ जुलै २००२ नंतर त्याने स्वतः होऊन दुसरं नागरिकत्व सोडलेलं नसावं.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या पेनांग–मलाक्काकडच्या कित्येक मलेशियन चिन्यांना ही अट नीट कळली नाही, किंवा चुकीचा सल्ला मिळाला. त्यांनी मलेशियाचं नागरिकत्व लेखी सोडून दिलं आणि ब्रिटिश पासपोर्टसाठी अर्ज केला. तो नाकारला गेला. ब्रिटनचं म्हणणं, मलेशियाला परत जा. मलेशियाचं म्हणणं, तुम्ही तर आमचे राहिला नाहीत. आजोबा ब्रिटिश राज्यात जन्मले होते, याचा दाखला त्यांच्यापाशी आहे. त्या दाखल्यावर ते कुठेही घर करू शकत नाहीत.